टाकण्याआधी

बसा, त्या दोरखंडावर बसलात तरी चालेल. एक गोष्ट सांगतो. छोटीच आहे, तुमची कॉफी गार व्हायच्या आत संपेल.

दुपारचे पावणेतीन. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं हेच आपलं बंदर, हीच शेड. एनोरा कॉम्प्युटरपुढं बसलेली. पडद्यावर तिच्याच प्रोग्रामनं लिहिलेलं: 'गुल्वेन पाण्यात. २:१० ला बचाव लाँचला इशारा दिला.'

गुल्वेन तिचा धाकटा भाऊ. एकटाच गेला होता झिंग्याला. दर्यावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा असतो. माणूस पडला की पट्टा इथं कळवतो, आणि प्रोग्राम लाँचवाल्यांचे फोन वाजवतो. पस्तीस मिनिटं झाली, एनोरा रेडिओ कानाशी धरून गप्प. शोधणाऱ्याला मध्येच बोलून छळायचं नाही, ही इथली शिस्त.

तेवढ्यात दारातून तुग्दुआल आत आला. लाँच चालवणारा तांडेल तो. हातात घावनात गुंडाळलेलं सॉसेज, अर्धं तोंडात.

"काय गं पोरी, मोहरीची बाटली कुठं लपवलीस?"

एनोरानं कानावरचा रेडिओ खाली घेतला. "तुग्दुआलकाका, तुम्ही इथं? मग लाँच कोण घेऊन गेलं?"

"कुठं?"

तिनं पडद्याकडं बोट दाखवलं. त्यानं वाचलं, खिशातला फोन काढून बघितला. वाजलाच नव्हता. घावन जमिनीवर पडलं आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस धक्क्यावरून असा पळाला, की कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

लाँच बाहेर पडली तेव्हा तीन वाजले होते. पन्नास मिनिटं पाण्यात. पाणी थंड.

एनोराच्या हातात आता काहीच नव्हतं. नुसतं बसवेना, म्हणून तिनं प्रोग्राम उघडला.

प्रोग्राममध्ये फोन वाजवायचं जे काम होतं, ते आधी दोन गोष्टी मागायचं: कोण पडला आणि कुठं पडला. मंगळवारी तिनं तिसरी वाढवली, कुठल्या धक्क्याची लाँच, कारण लाँचा आता दोन झाल्यात. कंपायलर म्हणजे प्रोग्राम चालायच्या आधी तो तपासणारा. भारी खडूस. तो जिथं जिथं ओरडला तिथं तिथं तिनं तिसरी गोष्ट भरली. एकाच जागी, पट्ट्याचा निरोप येतो तिथं, तो ओरडला नव्हता.

त्या जागी तिनंच कधीतरी लिहून ठेवलेलं: जे परत येईल ते टाकून दे. किती फोन वाजले त्याचा आकडा परत यायचा, त्याचं कुणाला काय काम? पण नको असलेलं तसंच सोडलं तरी कंपायलर कुरकुरतो. म्हणून, टाकून दे. आता दोनच गोष्टी मिळाल्यावर त्या कामानं एकही फोन लावला नाही. तिसरीसाठी हात पसरून उभं राहिलं. आकड्याच्या जागी ते अर्धवट कामच परत आलं, आणि न बघता टाकलं गेलं. खालच्या ओळीनं बिनधास्त लिहिलं, इशारा दिला.

तिच्या बापाची होडीवर एक रीत होती. जाळ्यातलं जे परत पाण्यात टाकायचं, त्याचं नाव घ्यायचं. मोठ्यानं. 'शेवाळ.' 'तारामासा.' एकदा घाईत झिंग्याची अख्खी टोपली कचऱ्याबरोबर गेली होती, तेव्हापासून. गुल्वेन आणि ती लहानपणी हसायची त्याला.

एनोरानं त्या ओळीत एक शब्द वाढवला. टाक, पण आकडा असेल तरच टाक. कंपायलर लगेच लालभडक झाला: हा आकडा नाही, हे काम अजून एका गोष्टीची वाट बघतंय.

"एक शब्द," ती स्वतःलाच म्हणाली. "एक शब्द लिहायला काय झालं होतं गं तुला?"

रेडिओ खरखरला. "एनोरा, इथं काही नाही. नुसता कचरा तरंगतोय. पुढं सरकतो."

"कसला कचरा?"

"कचरा गं, पोरी. कचऱ्याला काय..."

"नाव घ्या!" ती किंचाळली. "एकेकाचं नाव घेतल्याशिवाय काही सोडू नका, काका. हात जोडते."

"बापावर गेलीस अगदी." इंजिनाचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "बरं. शेवाळ. फळी. मासळीचं खोकं, फुटकं. मेलेला पक्षी. पिंजऱ्याचा तरंगता बोया, त्याच्यावर पिवळा हातमोजा. परत शेवाळ..."

"हातमोजा रिकामा आहे?"

"लाटेत काय दिसणार?"

"बघा ना. जवळ जाऊन बघा. रिकामा आहे?"

इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. मग नुसतं पाणी. एनोरानं टेबलाची कड धरली होती. कुणीतरी लांब ओरडलं. काहीतरी आपटलं.

"एनोरा." तुग्दुआलचा आवाज ओळखू येईना. "रिकामा नाही गं. मनगट धरलंय माझं. सोडतच नाहीये."

तो बघा गुल्वेन, पलीकडं जाळं शिवतोय. भर उन्हात लोकरीची टोपी, हसू नका, त्याला अजून थंडी वाजते.

झाली का कॉफी? कचऱ्याची टोपली तिथं, दाराशी आहे. पण तेवढं एक करा. टाकताना जरा मोठ्यानं म्हणा, 'पेला. रिकामा.' एनोरा आत बसलीय. तिला ऐकू जाऊ द्या.