फ्लॉवरचा भात

बाबांच्या वर्षश्राद्धाचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून हृषीकेश मागे सरला. समोरच्या टाकीवर बसलेला कावळा जागचा हलला नाही.

"फ्लॉवर किसून भात केलास, त्याला कोण शिवणार?" त्याची धाकटी बहीण सायली म्हणाली.

"बाबा शेवटी हेच जेवायचे."

"दुसरं काय जेवणार? भात, पोळी, गूळ, सगळं त्यांना कडूजहर लागायचं."

"साठीनंतर गोड आणि पिठूळ कडू लागावं म्हणून जिभेत चिप सगळ्यांनाच बसवतात. कायदा आहे."

"कडूपणा किती ठेवायचा, ते मात्र जवळच्या माणसाने ठरवायचं असतं. तू शेवटच्या आकड्यावर ठेवलास."

"म्हणून तर ब्याऐंशीव्या वर्षी चार जिने चढायचे. त्यांचे दंड बघितले होतेस?"

"बघितले ना. त्या दंडांनी ताट भिरकावायचे आणि वरणभातासाठी रडायचे. तू समोर बसून वरणभात ओरपायचास."

सायलीने पिशवीतून डबा काढला आणि खरा वरणभात पानावर वाढला. कावळा लगेच आला, चोच भरून घेऊन उडाला.

"झालं तुझं समाधान?" तो म्हणाला. "चल आता, भूक लागलीय."

"पोटभर जेव," सायली म्हणाली. "पुढच्या महिन्यात तुला साठ पूर्ण होतात. बायको नाही, मूल नाही. जवळचं माणूस म्हणजे मीच. तुझेही दंड मी शेवटपर्यंत राखीन, दादा."