अंगठा आणि दोन बोटं

"हातवारे पुरे गं! अख्खा बाजार बघतोय," सासू म्हणाली. जन्मापासून बहिऱ्या वैजंताला फक्त वटारलेले डोळे कळले. बोलते हात तिनं पदराखाली घेतले.

वाण्यानं सुटे पैसे दिले. नवीकोरी नाणी बघताच वैजंता चीत्कारली. रुपयावर उंचावलेला अंगठा होता आणि दोन रुपयांवर दोन बोटं! तिनं नाणी सासूच्या डोळ्यांसमोर धरली आणि शेजारी आपला हात तसाच करून नाचवला.

"काकू, तुमच्या सुनेची भाषा सरकारनं नाण्यावर छापली की!" वाणी हसला.

सासूनं नाणी उलटसुलट करून पाहिली. पुढे गजरेवालीपाशी ती थांबली. सुनेकडे वळून तिनं भर गर्दीत दोन बोटं वर केली. दोन घेऊ?

वैजंतानं अंगठा उंचावला, अख्ख्या बाजाराला दिसेल असा.