बिनडिस्कचा कन्सोल

"तो नका घेऊ, ताई," दुकानदार म्हणाला. "त्याला डिस्क घालायची सोयच नाही."

"म्हणूनच हवाय," शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या.

दुकानदाराला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. चार वर्षं दर शनिवारी बाई यायच्या. गळ्यात मापाची टेप तशीच असायची. मुलीचा खेळून झालेला गेम द्यायच्या, दुसरा न्यायच्या. असल्या अदलाबदलीवरच त्याचं दुकान उभं होतं. डिस्कच्या निमित्ताने माणूस परत येतो, चार शब्द बोलतो, जाताना काहीतरी घेऊन जातो. हा गेम खेळायचा नवा कन्सोल एकदा विकला की गिऱ्हाईक कायमचं गेलं. पुढचे सगळे गेम घरबसल्या थेट कंपनीकडून. तो दुकानात ठेवा म्हणून कंपनीचा माणूस दोनदा गळ घालून गेला होता. दुकानदाराने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घ्यायचा, तर वरून तुमचं कमिशन कशाला?"

बाईंनाही त्याने समजावलं. गेम नंतर विकता येणार नाही. बदलता येणार नाही. मैत्रिणीला द्यायचा म्हटलं तरी देता येणार नाही. कंपनीने उद्या काढून टाकला तर हात चोळत बसायचं. "आणि घरात आहेत त्या डिस्क? त्यांच्या नुसत्या बशा होतील." यातला एक शब्दही खोटा नव्हता.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तिच्या बोटांत आता जोर नाही, दादा."

मुलगी आजारी असते, एवढं त्याला ठाऊक होतं. पुढे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"कंट्रोलर मांडीवर ठेवून अंगठ्याने दाबते, तेवढं जमतं. डिस्क धरता येत नाही. बदलायची झाली की मला हाक मारायची. मी मशीन थांबवून उठायचे. गेल्या महिन्यात हाकाच बंद झाल्या. एकच गेम, दिवसभर तोच. विचारलं तर म्हणते, मला हाच आवडतो. तिला तो मुळीच आवडत नाही. परत करायला तिनेच दिला होता. ओरखडा होता म्हणून तुम्ही घेतला नाहीत."

दुकानदाराने फोन उचलला आणि कंपनीच्या माणसाकडे एक नग मागितला.

बुधवारी भर दुपारी दुकानाला कुलूप लावून तो स्वतःच घेऊन गेला. दोन खोल्यांचं घर. बाहेर शिलाई मशीन आणि कापडांचे ढीग, आत खिडकीला लागून पलंग. मुलगी अठरा-एकोणीसची असेल. तो वायरी जोडत होता तेव्हा ती त्याच्या हातांकडे बघत होती. घरातल्या सगळ्या डिस्क त्याने बदल्यात घेतल्या, ओरखडा पडलेलीसुद्धा, आणि तेवढे गेम नव्या कन्सोलवर घालून दिले. मग पिशवी उचलून तो दाराशी उभा राहिला.

मुलीने अंगठ्याने एक गेम उघडला. थोडा खेळली, बंद केला. दुसरा उघडला. मग तिसरा. कुणालाही काही विचारलं नाही. दुकानदार बघत राहिला. शनिवारचं हे गिऱ्हाईक सुटलं, हे त्याला कळत होतं, आणि उद्या बाकीचेही याच वाटेने जाणार, हेही.

बाहेरच्या खोलीत मशीन चालू होतं. मधेच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. बाई कानोसा घेत असाव्यात.

"आई!" मुलीने हाक मारली.

मशीन जागच्या जागी थांबलं. बाई धावतच आल्या, हातात अर्धं शिवलेलं कापड तसंच होतं. "काय झालं? चालत नाही का? काय बदलायचंय?"

"काही नाही गं," मुलगी म्हणाली. "नुसतीच मारली. बस ना माझ्याजवळ."