डावीकडे बसणारी जीप

"मिस्त्री, पुन्हा बसली," प्रीतम म्हणाला.

महेंद्रने मान वर केली. त्याच्या राजरत्न ऑटो गॅरेजच्या दारात ती जुनी परदेशी जीप पुढच्या डाव्या चाकावर टेकून उभी होती. तिला लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. चार चाकांवर चार रबरी फुगे, कॉम्प्रेसर त्यांत हवा भरणार आणि त्या हवेवर अख्खं धूड तरंगणार. एका फुग्याची हवा गेली की तो कोपरा बसलाच म्हणून समजा.

"रात्री सरळ उभी करतो, सकाळी ही अशी. इंजिन चालू केलं की उठते, बंद केलं की परत बसते. आई डोकं खाते माझं. म्हणते, एवढी मोठी गाडी घेतली ती लंगडी. दुरुस्त करून आण."

ही तिसरी खेप होती. दुसरा कोणी ओशाळला असता, पण महेंद्र त्यातला नव्हता. बदलापूर गावचा माणूस अख्खं बदलापूर सोडून, अंबरनाथ सोडून उल्हासनगरात कॅम्प चारला आपल्याकडे येतो, ते काय उगाच? समोरच्या सिंधी स्पेअरपार्टवाल्याला त्याने हे दहादा ऐकवलं होतं. घरी शीलालाही ऐकवलं.

"दुसऱ्यांदा आला तो," शीला पोळी लाटता लाटता म्हणाली होती. "बरा झालेला पेशंट परत येतो होय?"

बायकोला काय कळतं, म्हणून त्याने ते सोडून दिलं. कारण दोष त्याने पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात पकडला होता. साबणाचं पाणी लावत लावत तो फुग्यापाशी आला, आणि पाइपच्या पितळी नटावर बुडबुडे धरले. नट आवळला, बुडबुडे थांबले. प्रीतमला मात्र तो एवढंच बोलला, "झालं काम." रोग सांगितला की गिऱ्हाईक स्वतःच डॉक्टर होतं, हे त्याचं ठाम मत.

आठ दिवसांनी तोच नट पुन्हा सैल. तेव्हा आवळल्यावर त्याने नटावरून पाइपवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली.

आता तो बॅटरी घेऊन गाडीखाली सरकला. रेघ तुटली होती. बरोबर अर्धा फेरा. धक्क्यांनी सैल झालेला नट असा मोजूनमापून फिरत नाही. कोणीतरी पाना लावत होतं.

"सापडलं?" प्रीतमने वाकून घाईघाईने विचारलं.

"रविवारी सकाळी घरी येतो. तिथेच सांगतो, सगळ्यांसमोर."

प्रीतमचा चेहरा जरा उतरला. महेंद्रला वाटलं, बिचारा कंटाळलाय.

हे काम प्रीतमच्या भाऊबंदांचं, यात त्याला शंका नव्हती. दोन हजार सहा साल, जमिनींना नुकता भाव आलेला. अशा वेळी परक्याआधी घरचेच जळतात. चारचौघांत रेघ दाखवायची आणि मग गंमत बघायची. त्या दिवसापासून बदलापूरची प्रत्येक मोठी गाडी आपल्या दारात येणार, हे त्याने मनात पक्कं करून टाकलं.

रविवारी प्रीतमच्या अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. उल्हासनगरचा हवेचा डॉक्टर येणार, ही बातमी महेंद्रने स्वतःच फोनवर पेरली होती. जीप डावीकडे बसलेली. घरच्यांना खरवईला हळदीला जायचं होतं.

प्रीतमची आई गोदूबाई काठी टेकत बाहेर आल्या. पंच्याहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, पण मान ताठ. सून करिष्माने हात पुढे केला, तो त्यांनी काठीनेच बाजूला सारला.

"थांबा आजी," महेंद्र म्हणाला. "आत बटन आहे. गाडी आणखी खाली घेतो तुमच्यासाठी."

"मना नको. माज्यासाठी कोनी वाकाचा नाय. गारी पन नाय." त्यांनी टेकलेल्या कोपऱ्याकडे बघितलं. "ती वाकलीय ती तिच्या खोरीनं. ती येगली गोस्ट."

मग त्यांनी त्याच बाजूच्या दाराची कड धरली, पाय उचलला आणि कोणाच्या मदतीशिवाय आत जाऊन बसल्या. ओटीवरच्या बायका बघत राहिल्या. गाडी सरळ असती तर ती पायरी त्यांच्या कमरेला आली असती.

प्रीतमची नजर आईच्या पायावर होती. पाय आत पोचला तेव्हा त्याने सोडलेला श्वास शेजारी उभ्या महेंद्रला ऐकू आला. आणि भाऊबंदांचा विचार महेंद्रच्या डोक्यातून पार निघून गेला.

"काय रं मिस्त्री," गोदूबाईंनी आतून विचारलं, "गावली का खोर?"

सगळे त्याच्याकडे वळले. उत्तर जिभेच्या टोकावर होतं आणि पुरावा चार पावलांवर.

"नाही गावली खोड, आजी. माझ्या हातचं काम नाही हे."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. "कॉपी करून पास झालेला डॉक्टर," दुसरा म्हणाला.

"ऱ्हाव दे," गोदूबाई म्हणाल्या. "गारी पन म्हातारी झाली. आता कोनाला दाखवाची नाय."

महेंद्रने हत्यारांची पिशवी उचलली. लोक हसत होते आणि त्याची छाती फुगली होती. वीस वर्षांत शेकडो दोष शोधले, पण असला मोठेपणा आपल्याला पहिल्यांदाच जमला, असं त्याला मनापासून वाटलं.

प्रीतम त्याच्या स्कूटरपर्यंत आला. आजूबाजूला बघून त्याने महेंद्रचा हात दोन्ही हातांत धरला.

"मिस्त्री, मनाला लावून घेऊ नका. तो नट मीच ढिला करतो, आईसाठी. ती दुरुस्तीचा हट्ट धरून बसली, आणि शहाण्या माणसाकडे नेली असती तर मी एका दिवसात पकडला गेलो असतो. म्हणून बदलापूर पालथं घातलं, अंबरनाथ पालथं घातलं, सगळ्यांना एकच विचारलं, की हवेच्या गाडीतलं ओ की ठो कळत नाही असा मेकॅनिक कोण? एकूणएक माणसाने तुमचंच नाव घेतलं."