धाकट्याचा भोपळा

चर्चमध्ये हंगामाच्या सणाची उपासना संपली आणि मंडळीने अर्पण केलेल्या फळभाज्यांचा लिलाव सुरू झाला. पाळकसाहेबांनी माझ्या धाकट्या भावाचा भोपळा उचलला. बांधावरून भांडलो तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. 'घे तो,' आतून आवाज आला. मी झटकन उठलो.

"एस्तेर, चल घरी," मी बायकोला म्हणालो. "प्रभूचीच तशी प्रेरणा होतेय."

तिने गीतपुस्तक मिटलं. "गेल्या सणालाही हेच म्हणालात. तुमचा प्रभू तुमच्या मनाविरुद्ध कधी काही सांगतच नाही का हो?"

मी चरफडलो. मनाविरुद्ध सांगणारा आत तो एकच आवाज होता आणि तोच मी मघापासून दाबत होतो. शेवटी मी हात वर केला.

"शंभर रुपये!"

सगळी मंडळी वळून बघायला लागली. दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही.

भोपळा खांद्यावर घेऊन निघालो, तर भाऊ दारातच उभा. खाली बघत म्हणाला, "दादा, एवढा मोठा तुम्हा दोघांना संपायचा नाही."

"मग पोरांना घेऊन जेवायलाच ये की!"

हे मात्र प्रभूने सांगितलं की माझ्याच मनाने, मला ओळखता आलं नाही.