तारेचे दुसरे टोक

भिंतीवरच्या जुन्या तारा उतरवण्याचे काम संपत आले होते. डिशच्या, केबलच्या, इंटरनेटच्या तारांची वेटोळी दुर्गाबाईंच्या पायांशी साचली होती. वलगावच्या या घरात आता भाडेकरू येणार होते. आईला अकोल्यास कायमचे आपल्याकडे नेण्यासाठी आलेली पौर्णिमा अंगणात गाडीत सामान लावत होती.

"काकू, एवढ्या वायरीत सारं वलगाव बांधून होईन," केबलवाला शफी हसत म्हणाला.

उरली होती ती टेलिफोनची काळी तार. बैठकीतून भिंतीतल्या पाईपावाटे ती मागच्या खोलीत जात असे. दुर्गाबाईंचे पती खुशालराव यांनी तेथेच देह ठेवला, त्या दिवसापासून खोलीला कुलूप होते. आतला फोन त्याआधीच काढलेला.

ही तार बसवताना बैठकीत शफी होता आणि आतल्या टोकाला स्वतः खुशालराव. जाड भिंतीपलीकडे हाक पोचेना, म्हणून दोघांनी दुर्गाबाईंसमोरच खूण ठरवली होती: एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड.

शफीने तार ओढली. हातभर येऊन ती अडली. त्याने पुन्हा जोर केला, तोच पलीकडून एक हिसका बसला.

त्याचे हसू मावळले. "अंदर कोनी आहे काय, काकू?"

"कोनी नाही. किल्ली माह्या कमरेले आहे."

"उंदीर असन," तो पुटपुटला. पण तार सोडून मागे सरला. कुलूप उघडून पाहू का, असे त्याने विचारले. दुर्गाबाईंनी मानेनेच नको म्हटले.

अंगणातून पौर्णिमेची हाक आली. दुर्गाबाई भिंतीपाशी बसल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि तार दोन्ही हातांत घेतली. सकाळपासून साऱ्या आळीचा निरोप घेऊन झाला होता. हा एकच राहिला होता.

त्यांनी एक हिसका दिला. एवढ्यावरच थांबावे, असे मनात येऊन गेले. मग त्यांनी दुसरा दिला.

आत काहीच हलले नाही. थोड्या वेळाने तार सैल झाली आणि त्यांनी न ओढताच, पलीकडून कोणी वीत वीत पुढे करावी तशी, त्यांच्या ओंजळीत येत राहिली.

शेवटचे टोक बाहेर आले. वेटोळ्यात टाकण्यासाठी शफीने हात पुढे केला. पण दुर्गाबाईंनी ते मुठीत मिटून घेतले.

टोक ऊबदार होते.