माराची टेंगळं

"बघा, बघा डॉक्टरबाई! एक नाही, अंगभर टेंगळं आहेत. हाड न् हाड ठेचलंय या बाईनं!"

विल्फ्रिदोनं एक्स-रेवर बोट आपटलं. त्याची बायको एनेइदा कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. त्यांची लेक युरानिस बाकावर पाय हलवत बसली होती.

एनेइदानं रागाच्या भरात एकदा पोरीला लाकडी चप्पल फेकून मारली होती. माग्दालेना नदीकाठच्या या गावात कुठली आई मारत नाही? पण चप्पल गुडघ्यावर बसली, तिथं टणक टेंगूळ आलं आणि ते वाढतच गेलं. तेव्हापासून विल्फ्रिदो पोरीला आईजवळ झोपूही देत नव्हता. आज दुपारच्या लाँचनं तो तिला कायमची बहिणीकडे, बारांकियाला नेणार होता. एनेइदानं हूं की चूं केलं नव्हतं. हात झडले असते तर बरं, असंच तिलाही वाटत होतं.

"आधी खाली बसा," डॉक्टर अरियेता म्हणाल्या. "हा मार नाही. आपल्या पेशी प्रथिनावर साखरेच्या लांब माळा गुंफतात आणि मण्यामण्यावर गंधक बसवतात. हाडानं कुठं वाढायचं, कुठं थांबायचं, ते त्या माळांमुळे ठरतं. हिच्या पेशींना माळ पुरी करता येत नाही, ती आखूड राहते. मग हाड भलतीकडेच फुटतं. हे जन्माचंच असतं. बहुतेक वेळा आईकडून नाहीतर बापाकडून येतं."

"चप्पल लागली नसती तरी आलं असतं?"

"आलंच असतं, बाई."

एनेइदानं पोरीला ओढून पोटाशी धरलं आणि ती हमसून हमसून रडली.

"यांच्याही गुडघ्यांना अशीच आहेत," ती डोळे पुसत म्हणाली. "पण ती सासूबाईंनी लहानपणी मारल्याची..."

ती बोलता बोलता थांबली. नवऱ्याला चार शिव्या हासडायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि गिळून टाकलं.

विल्फ्रिदो आपल्या गुडघ्यांवरची टेंगळं चाचपत होता.

"गेल्या नाताळात आई मेली," तो डॉक्टरबाईंना सांगू लागला. "आमच्याच गल्लीत. नऊ रात्री लोक तिच्यासाठी प्रार्थना करत जागले. मी दार लावून घेतलं होतं."